सरळ कशास म्हणावें ?

आपल्या भाषेंत सरळपणाची जेवढी प्रतिष्ठा आहे तेवढी दुसऱ्या कोणत्याही भौमितिक गुणाची नसेल. मनुष्य सरळ असावा, त्याचें बोलणें सरळ असावें, त्यानें वांकड्या वाटेस जाऊं नये, अशी आपली अपेक्षा असते. आणि एखादा हट्टी मुलगा वठणीवर आला म्हणजे तो 'सुतासारखा सरळ' झाला असें आपण समाधानानें म्हणतों. लंबवर्तुळाकार स्वभावाची स्तुति केलेली आमच्या तरी ऐकिवांत नाहीं. या गौरवाच्या बुडाशीं एक गृहीत दडलेलें असतें, तें असें कीं सरळ म्हणजे काय हें सर्वांस ठाऊकच आहे. वाद असलाच तर अमुक मनुष्य सरळ आहे कीं नाहीं एवढाच. हें गृहीत कितपत टिकतें तें प्रस्तुत लेखांत पाहावयाचें आहे. आणि तें नीतीच्या प्रांतांत न पाहतां प्रथम प्रकाशकिरणाच्या प्रांतांत पाहावयाचें आहे, कारण तेथें निदान मोजमाप तरी करतां येतें.

सरळपणा आपण शिकलों कोठें ? भूमितीच्या पुस्तकांत खचित नव्हे. यज्ञवेदीच्या भूमितीस ज्यांनीं 'शुल्बसूत्रें' हें नांव दिलें त्यांच्या हातांत शुल्ब म्हणजे दोरी होती. ताणलेली दोरी हें सरळपणाचें पहिलें माप होय. पण दोरी कितीही ताणली तरी स्वतःच्या भारानें तिला थोडा झोळ पडतोच. तेव्हां हुशार कारागीर तिच्यावर विसंबत नाहीं. फळीवर रंधा मारून झाला म्हणजे सुतार ती उचलतो, एक डोळा मिटतो आणि दुसऱ्या डोळ्यानें तिच्या धारेवरून पाहतो. धार कोठें उचलली आहे, कोठें बसली आहे, हें त्यास तत्काळ कळतें. म्हणजे दोरीची परीक्षा नजर करते. आणि नजर म्हणजे तरी काय ? फळीच्या त्या टोकापासून डोळ्यापर्यंत आलेला प्रकाशाचा किरण. भूमापन करणाऱ्यांनीं हेंच मोठ्या प्रमाणावर केलें. १८०२ सालीं लॅम्ब्टननें मद्रासेकडे आरंभिलेली हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी असो, किंवा सूर्याचा झोत दूरच्या शिखरावरून परावर्तित करण्यासाठीं गाउसनें १८२१ च्या सुमारास बनविलेलें यंत्र असो, त्रिकोणाच्या बाजू 'सरळ' असण्याची सारी जबाबदारी प्रकाशावरच टाकलेली होती.

असें असतां 'प्रकाशाचा किरण वांकतो' या वाक्यास अर्थ काय राहिला ? ज्या गजानें सर्व कांहीं मोजावयाचें तो गजच लांबीनें वाढला असें म्हणण्यासारखें तें आहे. वाढला तो कशापेक्षां ?

आतां कोणी म्हणेल कीं किरण वांकतो हें तर फार जुनें आहे. पाण्यांत बुडविलेली काठी मोडल्यासारखी दिसते, उन्हाळ्यांत रस्त्यावर मृगजळ भासतें. आणि मावळत्या सूर्याची खालची कड क्षितिजास टेकलेली आपण पाहतों त्या वेळीं वस्तुतः त्याचें सबंध बिंब क्षितिजाखालीं गेलेलें असतें, कारण बिंबाचा व्यास सुमारें ३२ कला असून वातावरण क्षितिजाजवळचा किरण सुमारें ३४ कलांनीं वांकवितें. हें सर्व खरें. परंतु या प्रत्येक ठिकाणीं दोष माध्यमाच्या पदरीं घालण्याची सोय होती. पाणी, तापलेली हवा, कांच हीं मध्यें आलीं म्हणून किरण वांकला. तीं दूर करा, तो सरळ होईल. शिवाय माध्यम सर्व रंगांस सारखें वागवीत नाहीं. कांचेंत जांभळा किरण तांबड्याहून अधिक वळतो, आणि या पक्षपातावरूनच चोर पकडला जातो.

माध्यमावर दोष ढकलण्याची ही युक्ति कोठवर पुरते याचा एक नमुना आमच्या देशांतच घडला. वर उल्लेखिलेल्या मोजणींत कल्याणपूर आणि कलियाना या दोन ठाण्यांच्या अक्षांशांतील फरक त्रिकोणांवरून एक येई आणि ताऱ्यांवरून दुसरा येई; तफावत पांच विकलांहून थोडी अधिक. कलकत्त्याचे आर्चडीकन प्रॅट यांनीं १८५५ सालीं असें दाखविलें कीं उत्तरेकडील हिमालय ओळंब्यास आपल्याकडे ओढून घेतो. म्हणजे 'उभें' कोणतें हें ज्या ओळंब्यानें ठरवावयाचें तोच तिरका झाला होता. (प्रॅटच्या गणितानें तो पंधरा विकलांहून अधिक तिरका व्हावयास हवा होता, आणि तो तितका कां झाला नाहीं या प्रश्नांतून पर्वतांच्या मुळांविषयींचें एक नवेंच शास्त्र जन्मास आलें; पण तो विषय निराळा.) येथेंही ओळंब्याची चूक दुरुस्त करण्यास ताऱ्यांकडून येणारा प्रकाश व त्रिकोणांच्या बाजू हीं मापें हाताशीं होतीं. एक माप बिघडलें तर दुसऱ्यानें त्यास सुधारावें, अशी ही भाऊबंदकी चालली होती. सर्वच मापें एकदम बिघडलीं तर काय, हा प्रश्न तेव्हां कोणास पडला नाहीं.

तो पडला फ्रेंच गणिती हेन्री प्वाँकारे यास. त्यानें १९०२ च्या आपल्या ग्रंथांत एका कल्पित जगाचें वर्णन केलें आहे. तें जग एका मोठ्या गोलाच्या आंत असून केंद्रापासून कडेकडे जावें तसतशी तेथील उष्णता कमी होते, सर्व पदार्थ त्या मानानें आकसतात आणि प्रकाशही त्या मानानें वळतो. तेथील रहिवाशांच्या पट्ट्या, पावलें व नजरा साऱ्याच सारख्या फसलेल्या. त्यामुळें आपलें जग अनंत आहे आणि त्याची भूमिति युक्लिडाची नाहीं, असेंच ते म्हणतील. मग त्यांचें खरें कीं बाहेरून पाहणाऱ्या आपलें खरें ? प्वाँकारेचें उत्तर असें कीं भूमिति खरी किंवा खोटी नसतेच, ती सोयीची किंवा गैरसोयीची असते; आणि युक्लिडाची सर्वांत सोपी असल्यामुळें भौतिकशास्त्रज्ञ तिला कधींच सोडणार नाहींत, वाटल्यास प्रकाशाचे नियम बदलतील. या भाकिताचा दुसरा अर्धा भाग साफ खोटा ठरला. प्वाँकारे १९१२ सालीं वारला, आणि तीनच वर्षांनीं आइन्स्टाइननें युक्लिडास सोडलें. पहिला अर्धा भाग मात्र इतक्या सहज निकालांत काढतां येईल असें आम्हांस वाटत नाहीं.

प्रकाशावर जड वस्तूंचें आकर्षण चालत असेल काय, ही शंका न्यूटननें १७०४ सालींच आपल्या प्रकाशविषयक ग्रंथाच्या शेवटीं प्रश्नरूपानें नमूद केली होती. १८०१ सालीं सोल्डनर नांवाच्या जर्मन गणितज्ञानें न्यूटनच्याच गतिशास्त्रानें हिशेब करून सांगितलें कीं सूर्याच्या कडेस घासून जाणारा किरण सुमारें ०.८४ विकला वळावा. १९११ सालीं आइन्स्टाइन निराळ्या वाटेनें जवळजवळ त्याच आंकड्यास येऊन पोहोंचला, आणि १९१५ च्या अखेरीस, सिद्धांत पुरा झाल्यावर, त्यानें तो दुप्पट केला. आजच्या हिशेबानें तो १.७५ विकला आहे. विकला म्हणजे किती सूक्ष्म हें समजण्यासाठीं वाचकांनीं एक इंच रुंदीची वस्तु तीन किलोमीटरांवर ठेवावी. आमच्या डोळ्याशीं ती जेवढा कोन करील तेवढा हा वळसा. १९१४ च्या ऑगस्टमधील खग्रास ग्रहणाचे वेध घेण्यास कांहीं जर्मन ज्योतिषी रशियांत गेले होते, परंतु त्याच महिन्यांत महायुद्ध पेटल्यामुळें ते अटकेंत पडले. दैवाची लीला अशी कीं त्यांना यश आलें असतें तर त्या वेळचा अर्धा आंकडा चुकीचा ठरून आइन्स्टाइनची फजिती झाली असती !

२९ मे १९१९ च्या ग्रहणाची कथा पुष्कळांनीं ऐकलेली असते, पण तिचा मर्माचा भाग बहुधा गाळून सांगितला जातो. आफ्रिकेच्या पश्चिमेस प्रिन्सिपे बेटावर एडिंग्टन व त्याचा सहकारी गेले, आणि ब्राझीलमध्यें सोब्राल गांवीं ग्रीनिचच्या वेधशाळेचे दोघे गेले. प्रिन्सिपेच्या ढगाळ आकाशांतून मिळालेल्या थोड्या चित्रांवरून १.६१ विकला आल्या, सोब्रालच्या चार इंची दुर्बिणीनें १.९८ दिल्या, आणि सोब्रालच्याच दुसऱ्या मोठ्या दुर्बिणीनें ०.९ च्या आसपास, म्हणजे जुन्या न्यूटनी आंकड्याच्या अगदीं जवळ. ही तिसरी साक्ष बाजूस ठेवण्यांत आली. कारण असें दिलें गेलें कीं प्रकाश दुर्बिणींत सोडणारा आरसा उन्हानें तापून त्याचा आकार बिघडला होता व ताऱ्यांच्या प्रतिमा पसरट झाल्या होत्या. प्रकाश वांकला कीं नाहीं हें ठरविण्यास गेलेल्यांना प्रथम आरसा किती वांकला हें ठरवावें लागलें ! मनाजोगती साक्ष ठेवली व गैरसोयीची फेंकून दिली, असा आरोप पुढें कित्येकांनीं केला. आमच्या मतें तो अन्यायाचा आहे, कारण प्रतिमा बिघडल्याची नोंद आंकडे काढण्यापूर्वीं, तेथल्या तेथेंच झालेली होती. आणि १९७९ सालीं ग्रीनिचच्या वेधशाळेनें त्याच कांचा नव्या यंत्रानें पुनः मोजल्या तेव्हां त्या नाकारलेल्या साक्षीनेंही सुमारें १.५५ विकला, ०.३४ च्या अनिश्चिततेसह, सांगितल्या. मध्यंतरीं १९२२ सालीं ऑस्ट्रेलियांतील ग्रहणानें १.७२ हा आंकडा दिलाच होता. तेव्हां वळशाविषयीं संशय उरला नाहीं. मग प्रश्न पुनः तोच : वळसा, पण कशापासून ?

लोकप्रिय व्याख्यानांत याचें उत्तर मोठ्या ऐटींत दिलें जातें. 'प्रकाश सरळच जातो, अवकाश वांकलेलें आहे.' वाक्य टाळीचें आहे, पण तें निम्मेंच खरें आहे, आणि हें आम्ही अलंकारानें नव्हे, अक्षरशः म्हणत आहों. सूर्याच्या एका बाजूच्या दूरच्या बिंदूपासून दुसऱ्या बाजूच्या दूरच्या बिंदूपर्यंत सूर्याच्या कडेवरून लहान लहान पट्ट्या टोकास टोक लावून मांडीत गेलें, आणि कमीत कमी पट्ट्या लागतील अशी वाट निवडली, तर ती सुताची रेषा झाली असें समजूं. सूर्याजवळचें अवकाश युक्लिडाचें नसल्यामुळें ही सुताची रेषाही सूर्याभोंवतीं वळसा घेते. परंतु तिचा वळसा सुमारें ०.८७ विकला, म्हणजे निम्माच भरतो. प्रकाश आणखी तितकाच वळतो. हा दुसरा अर्धा कोठून आला ? तो आला काळाकडून. सूर्याजवळ घड्याळें मंद चालतात, आणि दोर तुटलेल्या पाळण्यांत प्रकाश आडवा सरळ जातो असें आंतील माणसास दिसत असतां जमिनीवर उभ्या असलेल्यास तो पाळण्याबरोबर खालीं पडतांना दिसतो. १९११ सालीं आइन्स्टाइनच्या हातीं एवढाच अर्धा भाग आला होता. तात्पर्य, सूर्याजवळ सूत आणि नजर यांची फारकत होते. सुताराचे हे दोन गुरु आमच्या अंगणांत एकमत असतात, तेथें ते एकमत नाहींत. प्रकाशाची वाट सरळ म्हणावयाची असेल तर ती केवळ अवकाशांत नव्हे, अवकाश व काल मिळून जें चतुर्मित क्षेत्र होतें त्या क्षेत्रांत सरळ आहे.

मग प्वाँकारेचा कोणी अनुयायी म्हणेल, सूर्याभोंवतीं एक अदृश्य माध्यम आहे व अवकाश युक्लिडाचेंच आहे असें कां मानूं नये ? मानण्यास हरकत नाहीं. एडिंग्टननेंच हा हिशेब करून दाखविला आहे आणि उत्तर तेंच येतें. पण मग हें माध्यम तांबड्या किरणास व जांभळ्या किरणास, दृश्य प्रकाशास व रेडिओलहरींस, अगदीं सारखें वळविणारें पाहिजे. त्यानें प्रत्येक द्रव्याची पट्टी सारख्या प्रमाणानें आंखूड केली पाहिजे आणि प्रत्येक जातीचें घड्याळ सारखें मंद केलें पाहिजे. जें कोणाचाही पक्षपात करीत नाहीं, ज्याच्या बाहेर उभें राहून त्यास पाहतां येत नाहीं, त्यास माध्यम म्हणणें म्हणजे अवकाशासच दुसरें नांव ठेवणें होय. ज्याला हें नांव आवडतें त्यानें तें खुशाल वापरावें. एवढ्यापुरता प्वाँकारे आमच्या मतें अजून जिवंत आहे.

येथें नीतीचा प्रश्न उभा राहतो, कारण याच जागीं पुष्कळ लोक उडी मारतात. वादविवादसभांतून आणि आमच्या वर्गांतूनही एक वाक्य आम्हीं कितीदां ऐकलें आहे कीं, 'आइन्स्टाइननें सिद्धच केलें आहे, सर्व कांहीं सापेक्ष आहे. तेव्हां चांगलें वाईट हें ज्याच्या त्याच्या दृष्टीवर अवलंबून.' या सिद्धांताचें नांवच दुर्दैवी पडलें. जें बदलत नाहीं त्याच्यावरून तें ठेवावें अशी सूचना त्या काळीं झालीही होती. वर्णनें बदलतात हें खरें. पण वर्णन कोणत्या मापानें केलें तें एकदां सांगितलें कीं आंकडा कोणाच्या मर्जीवर राहत नाहीं. सुतानें मोजा, ०.८७, नजरेनें मोजा, १.७५, येथें अमक्यास वाटतें म्हणून १.२० असा प्रकार नाहीं. १९६४ सालीं शापिरो या अमेरिकन शास्त्रज्ञानें दाखविलें कीं सूर्याजवळून ग्रहापर्यंत जाऊन परत येणारी रेडिओलहर सेकंदाच्या सुमारें पांच हजाराव्या भागाइतकी उशिरा परतली पाहिजे. त्या लहरीनें वळसा घेतला म्हणा, ती मंदावली म्हणा, अवकाश ताणलेलें होतें म्हणा. पृथ्वीवरच्या एका घड्याळांत ती केव्हां परतली याविषयीं तिन्ही पक्षांचें एकमत असतें, आणि शनीकडे निघालेल्या कॅसिनी यानाच्या लहरींनीं तर २००२ सालीं हें गणित लक्षांशांत दोन तीन अंशांइतक्या बारकाईनें पडताळून पाहिलें आहे.

परंतु सापेक्षतेचें नांव घेऊन स्वैराचार करणाऱ्यास एवढें उत्तर देऊन प्रश्न संपत नाहीं. खरी अडचण सरळ माणसांची आहे. सूर्याच्या डाव्या व उजव्या कडेवरून दोन समांतर किरण निघाले असें समजा. दोघांच्याही वाटेवर कोठेंही थांबून, लहानशा जागेंत परीक्षा केली, तर प्रत्येक किरण तेथल्या तेथें अगदीं सरळ, ठरलेल्या वेगानें जात असलेला आढळेल. कोणीही कोठेंही वळण घेतलेलें नाहीं. तरीही पृथ्वीसूर्यांमधील अंतराच्या सुमारें ५५० पट दूर गेल्यावर ते एकमेकांस आडवे जातात. घरोघरीं बापलेकांत, सासूसुनांत, जुन्या नव्या पिढ्यांत जे कलह आपण पाहतों त्यांतील निदान कांहीं तरी या जातीचे असतात असें आम्हांस वाटतें. दोघेही आपापल्या जागीं पाऊल न चुकवितां चाललेले असतात, आणि शेवटीं एकमेकांवर येऊन आदळतात. अशा वेळीं कोणा तरी एकाची चाल वांकडी होती असें शोधून काढण्याची आपणांस इतकी खोड जडलेली आहे कीं, वांकडेपणा दोघांमधील भूमींत असूं शकेल, मध्यें कांहीं तरी फार जड पडलेलें असेल, ही शक्यताच आपण ध्यानांत घेत नाहीं. विधवेच्या पुनर्विवाहाच्या किंवा मुलीच्या शिक्षणाच्या प्रश्नावर एका पिढीपूर्वीं जीं घरें फुटलीं त्यांत दुष्ट माणसें आम्हांस वाटतें थोडींच होतीं.

याचा अर्थ वांकडी चाल म्हणून कांहीं नाहींच, असा मात्र कोणी करूं नये. आइन्स्टाइनच्या क्षेत्रांत सरळ आणि वांकडें यांतील भेद पुसला गेलेला नाहीं. उलट तो पूर्वींपेक्षां निश्चित झाला आहे. मोकळेपणानें पडणाऱ्या वस्तूस कसलाही भार जाणवत नाहीं. ती सरळ चाललेली असते. जिला कोणी बाजूस ढकललें तिला तो धक्का स्वतःच्या ठायीं जाणवतो, आणि तो जाणण्यास दूरच्या कोणाशीं तुलना करावी लागत नाहीं. स्वतः वळलों कीं नाहीं हें ज्याचें त्यास, जेथल्या तेथें, कळूं शकतें. न कळणारी गोष्ट एवढीच कीं आपली सरळ वाट दूरच्या माणसाच्या सरळ वाटेशीं कोठें आणि कशी गांठ घालील. तें ठरविण्यास मधली सारी भूमि मोजावी लागते.

ती मोजण्याचें काम ज्योतिषी हल्लीं कोणत्या थरास नेत आहेत हें पाहून मन थक्क होतें. १९७९ सालीं आकाशांत सहा विकलांच्या अंतरानें दोन सारखे क्वेसार दिसले. ते दोन नसून एकच होता. मधल्या दीर्घिकेच्या दोन बाजूंनीं त्याचा प्रकाश दोन वाटांनीं येत होता. पहिल्या प्रतिमेंत जो चढउतार दिसे तो दुसऱ्या प्रतिमेंत ४१७ दिवसांनीं दिसे. एकच घटना, दोन सरळ वाटा, आणि वर्षाहून अधिक अंतरानें पोहोंचलेल्या दोन वार्ता. २०१४ सालीं एक अतिनवतारा अशाच रीतीनें चार ठिकाणीं दिसला, आणि मध्यें पडलेल्या दीर्घिकासमूहाचें वजन अजमावून कांहीं गणितज्ञांनीं सांगितलें कीं पांचव्या वाटेनें येणारी त्याची वार्ता अजून यावयाची आहे. ती २०१५ च्या डिसेंबरांत आली.

आणि कृष्णविवराजवळ तर सुताराचा डोळा पुरता हरतो. न फिरणाऱ्या कृष्णविवराच्या सीमेच्या दीडपट त्रिज्येवर प्रकाश वर्तुळांत फिरूं शकतो. अर्थात् तें फिरणें सुईच्या टोंकावर तोलल्यासारखें अस्थिर असतें. ५.५ कोटी प्रकाशवर्षें दूर असलेल्या एम ८७ या दीर्घिकेच्या मध्यभागाचें जें चित्र १० एप्रिल २०१९ रोजीं प्रसिद्ध झालें त्यांतील तेजस्वी कडें हें अशाच वळलेल्या प्रकाशाशीं निगडित आहे. त्या दीडपट त्रिज्येवर कोणी सुतार उभा राहूं शकला आणि त्यानें वर्तुळाकार वांकविलेली एक लांब फळी उचलून, एक डोळा मिटून, तिच्या धारेवरून पाहिलें, तर ती त्यास अगदीं सरळ दिसेल, आणि तिच्या पलीकडच्या टोंकाशीं त्यास स्वतःचीच पाठ दिसेल. सूत लावून पाहिलें तर तीच फळी वांकडी भरेल.